सूट 31 मे पर्यंत आहे, पण घोड्याचं नाव काय?

या वेळचं पत्र ठाण्याचं, घोडबंदर रोडवरून आलेलं. बरंच मोठं होतं, कापून देते.

"ताई, मी 41 वर्षांची, कासारवडवलीला राहते, नोकरी बीकेसीला, आठवड्यातले तीन दिवस ऑफिस बाकी घरून. घरात नवरा, 10 वर्षांची मुलगी, सासूबाई. आमच्यापासून 20 मिनिटांवर एक हॉर्स रायडिंग क्लब आहे. लहानपणी माथेरानला घोड्यावर बसले होते तेव्हापासून हे डोक्यात होतंच. मागच्या रविवारी 15 मिनिटांची ट्रायल घेतली, मस्त वाटलं. क्लब एकदम छान आहे, कॅफे आहे, लॉन आहे, छोटा स्विमिंग पूल आहे, पार्किंगचं टेन्शन नाही, मेंबर्सचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, लोकही चांगले वाटले, बरेचसे आयटीतले, दोन-तीन डॉक्टर. वर्षाची मेंबरशिप 96 हजार, त्यात 48 लेसन, 31 मे पर्यंत भरले तर 15 टक्के सूट. सुटा लेसन 2500. मला दिलेला घोडा तपकिरी होता, चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, शांत होता. नवरा म्हणतो एवढ्यात ट्रेडमिल येईल आणि वर पैसे उरतील. सासूबाई म्हणाल्या घोड्यावर नवरदेव बसतो, बायका नाही. आणि माझी कंबर अधूनमधून धरते. जॉइन करू का? प्लीज 31 च्या आधी उत्तर द्या."

ताई म्हटलंयस म्हणजे मी अगं-तुगं करायला मोकळी. 31 च्या आधी उत्तर पाहिजे ना, तर घे. 31 च्या आधी पैसे भरू नकोस, आणि घोड्यावर बसायचं मात्र सोडू नकोस. रायडिंग शिकू का आणि क्लबची मेंबर होऊ का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, तू पत्रात त्यांची खिचडी केलीयस. क्लबवाले मुद्दाम करतात, कारण शिकणारा माणूस दहा लेसननंतर कंटाळला की जातो, मेंबर कंटाळला तरी त्याचे पैसे आलेले असतात.

आधी ती तारीखच बघ जरा. सूट 31 मे पर्यंत, म्हणजे तुझं वर्ष सुरू होणार 1 जूनला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ठाण्यात काय होतं हे मी तुला सांगायला नको, येऊरच्या डोंगरावर एकदा ढग बसले की सप्टेंबर संपेपर्यंत उठत नाहीत. उघड्या मैदानात चिखल झाला की घोडा घसरतो, त्याचा पाय दुखावला तर तो कित्येक आठवडे कामातून गेला, म्हणून कुठलाही शहाणा इन्स्ट्रक्टर भर पावसात लेसन घेत नाही आणि घेत असेल तर तिथे आपण जाऊ नये. मैदानावर छप्पर असेल तर गोष्ट वेगळी, ते विचार. पण नसेल तर बारातले चार महिने तू चिखलाचे पैसे भरणार आहेस, आणि पावसाने बुडलेले लेसन पुढच्या वर्षी ढकलतात का हे लेखी मागितलंस की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पुढे मार्च ते मे उकाडा, म्हणजे लेसन फक्त पहाटे किंवा ऊन उतरल्यावर, कारण घोड्यालाही आपल्यासारखाच घाम येतो आणि आपल्याकडच्या या दमट हवेत तर काही घोड्यांना घाम यायचाच बंद होतो, मग अंग तापतच जातं, तो आजारच आहे. म्हणजे खरे सुखाचे दिवस ऑक्टोबर ते फेब्रुवारी. त्यात दिवाळी आली, मुलीची परीक्षा आली, कोणाचं तरी लग्न आलंच.

आता हिशोब. सूट धरून 81,600. सुटा लेसन 2500. भाग देऊन बघ, 33 वा लेसन झाला की मेंबरशिप परवडायला लागते, त्याच्या आत तू सूट घेऊन तोट्यात. मी तुला वर्षाला 24 धरते, आणि तेही कौतुकाने. 24 सुटे लेसन म्हणजे 60 हजार. बाकीचे 21,600 कॅफेत बसायचे आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुड मॉर्निंग वाचायचे.

20 मिनिटांवर, असं लिहिलंयस. घोडबंदर रोडवर राहून असं लिहिणाऱ्या माणसाचा आशावाद मला आवडतो. ती 20 मिनिटं रविवारी सकाळी साडेसहाची. शनिवारी अकराला गायमुख घाटात एखादा ट्रेलर आडवा झाला की तोच क्लब दीड तासावर जातो. पोर्तुगीजांच्या काळात इथल्या बंदरावर अरबांकडून घोडे यायचे आणि त्यावरून घोडबंदर नाव पडलं असं सांगतात, तेव्हा घोडे बोटीने यायचे म्हणून वेळेवर पोचत असतील.

म्हणजे तुला सुट्टीच्या दिवशीची पहाटच लागणार. पण ती सगळ्यांनाच लागते, ते आयटीवाले, ते डॉक्टर, सगळे तेव्हाच मोकळे. तर क्लबला दोन आकडे विचार, लेसनचे घोडे किती आणि मेंबर किती. समज 8 घोडे आहेत. एका घोड्याकडून एका सकाळी दोनच्या वर लेसन घेऊ नयेत, म्हणजे शनिवार-रविवार मिळून 32 जागा. मेंबर 150 असतील तर तुला बुधवारी दुपारी चारची जागा मिळणार आणि तेव्हा तू बीकेसीत मीटिंगमध्ये. आणि ते म्हणाले की छे छे, आम्ही सगळ्यांना बसवतो, तर समजायचं की घोडे मरमर राबतायत. दोन्ही उत्तरांत तुझं काम होतं.

हे सगळं मला कसं कळलं म्हणशील तर मीही असाच चेक फाडला होता, 38 व्या वर्षी, नवी मुंबईतल्या एका क्लबमध्ये, नाव राहू दे. वर्षाचे पैसे भरले आणि 14 लेसन झाले. पंधराव्याला शेजारच्या प्लॉटवरून एक निळी प्लास्टिकची पिशवी उडत आली आणि माझी घोडी बाजूला उडाली, मी तिच्याबरोबर उडाले नाही एवढंच. मनगट मोडलं. घोडीचा काही दोष नाही, घोडा हे मुळात भित्रं जनावर आहे, शिकार होणाऱ्यांतलं, डोळे बाजूला असल्यामुळे जवळजवळ सगळीकडचं दिसतं आणि जे फडफडेल ते वाघ, असा त्याचा साधा हिशोब असतो. राग आला तो क्लबचा. फर्स्ट एडच्या पेटीला कुलूप, किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर नाश्त्याला. शेवटी साईसने, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्या माणसाने, मला रिक्षात घालून नेलं आणि डॉक्टर येईपर्यंत बाहेर बसून राहिला, तर कॅफेतून फोन आला की मॅडमचं बिल बाकी आहे. पाच आठवडे प्लास्टर. (पुन्हा बसले, दुसरीकडे, दोन वर्षं. पुढे बदली झाली आणि सुटलं ते सुटलंच, त्याची हळहळ आहे.)

त्यामुळे माझं मत असं झालंय की क्लबचा खरा माणूस म्हणजे साईस, जुन्या मराठीतला मोतद्दार. इन्स्ट्रक्टर तासाला येतो नि जातो, साईस तबेल्याच्या बाजूला झोपतो. तू परत जा, पण न सांगता आणि भलत्या वेळी, दुपारी तीन-चारला, जेव्हा लॉनवर कोणी नसतं. कॅफेकडे वळू नकोस, तबेल्यात जा. आत पाऊल टाकल्यावर डोळे चुरचुरले तर मूत साचतंय, रोज साफ होत नाही. पाण्याच्या बादलीत बघ, शेवाळ आहे का. बरगड्या बघ. मग पाठ बघ, मान संपते तिथे, खोगिराच्या जागेवर, कातडं सोललंय का, किंवा तपकिरी अंगावर तिथेच पांढऱ्या केसांचे ठिपके आहेत का, खोगीर चुकीचं बसून जखमा झाल्या की नंतर तिथे केस पांढरे येतात, जुनी जखम लपत नाही. खूर चिरलेत का, नालबंद किती दिवसांनी येतो ते विचार, सहा-आठ आठवड्यांनी यायला हवा. आणि कोणी खोगीर घेऊन जवळ आलं की घोडा कान मागे पाडतो का, चावायला बघतो का, ते बघ. घोड्याला क्लबबद्दल काय वाटतं ते तो तिथे सांगतो.

मग साईसला विचार की मी एक तास खरारा करायला येऊ का. बस, एवढंच. चांगल्या ठिकाणी हसून ब्रश हातात देतील, कुठे उभं राहायचं ते दाखवतील, डावीकडून खांद्याजवळून जायचं, थेट मागून नाही, कारण थेट मागचं त्याला दिसत नाही आणि न दिसलेल्या गोष्टीला तो लाथ घालतो. पाय उचलून खुरातली माती कशी काढायची ते शिकवतील. आणि जिथे "मॅडम, ते आमचा स्टाफ करतो, तुम्ही बसा, काय घेणार, कॉफी?" असं होईल तिथून कॉफी पिऊन ये. खराऱ्याच्या त्या तासात तुझंही तुला कळेल. घामाचा, शेणाचा वास, माश्या, नखात धूळ, आणि फोटो काढायला कोणी नाही, तरी वेळ कसा गेला कळलं नाही असं झालं तर मग तू यातली. नाही झालं तर घोड्यावरचा फोटो हवा होता असं समज, त्यात पाप काहीच नाही, पण ते माथेरानला दस्तुरी नाक्यावर खूप स्वस्तात होतं.

अजून एक, जे कोणी विचारत नाही. लेसनचे घोडे रात्री वरातीला देता का? मे म्हणजे लग्नसराई. रात्री बारापर्यंत डीजेच्या भिंतीसमोर उभा असलेला घोडा सकाळी साडेसहाला तुझ्या मांडीखाली असेल तर तो दमलेला तरी असेल नाहीतर तडकलेला. सासूबाई म्हणतात घोड्यावर नवरदेव बसतो, त्यांना म्हणावं अगदी खरंय, तेच विचारायला चाललेय.

घोडे आणले कुठून, तेही विचार. क्लबांमधले बरेच घोडे रेसमधून निवृत्त झालेले असतात, महालक्ष्मीला किंवा पुण्याला पळालेले, उंच, देखणे, पण आयुष्यभर त्यांना पळायलाच शिकवलेलं, थांबायचं शिक्षण नंतरचं. नीट वेळ देऊन पुन्हा तयार केलेला असा घोडा सोन्यासारखा असतो, घाईने आणलेला नवशिक्याच्या कामाचा नाही. तुझ्या त्या घोड्याच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांकडे आलेली होती का? असतील तर मारवाडी किंवा काठियावाडी जातीचा.

वजन कोणी विचारलं का तुला? नसेल विचारलं तर ती खूण चांगली नाही. साधारण घोड्याच्या वजनाच्या 15 ते 20 टक्क्यांच्या वर ओझं देऊ नये असं धरतात, खोगिरासकट. 400 किलोचा घोडा म्हणजे जास्तीत जास्त 80, त्यात खोगीरच सात-आठ किलो खातं. ज्या क्लबला तुझं वजन विचारायची लाज वाटते त्याला घोड्याची दया नाही.

आता कंबर. ट्रायलला तुला 15 मिनिटं चालवलं असणार, साईसने लगाम धरून, म्हणजे माथेरानचंच झालं, फक्त लाल माती नव्हती. खरी ओळख होते दुडक्या चालीत, ट्रॉट म्हणतात तो, कारण त्यात घोडा एक पुढचा आणि त्याच्या तिरक्या बाजूचा मागचा असे दोन पाय एकदम टाकतो आणि प्रत्येक पावलाला खालून धक्का येतो. त्या तालावर उठत-बसत राहायला शिकवतात, ते जमेपर्यंत तीन-चार लेसन तू पोत्यासारखी आपटणार. कंबर बोलली तर तेव्हाच बोलेल. म्हणून आधी हाडांच्या डॉक्टरला दाखव आणि "रायडिंग करू का" असं मोघम नको, "दुडकीत खालून धक्के बसतात ते चालतील का" असं विचार, मोघम विचारलं की ते सरळ नाही म्हणून मोकळे होतात. इन्स्ट्रक्टरलाही सांगून ठेव, लपवू नकोस. कंबर नसेलच धरली तरी दुसऱ्या दिवशी मांड्या आतून अशा दुखतील की स्टेशनचा जिना उतरताना लोक वळून बघतील. आपण मांड पक्की म्हणतो ना, ती त्या दुखण्यातून येते, लगाम ओढून नाही येत. पहिले काही लेसन लांब दोरीवर, गोल फिरवत, हातात लगाम न देता घेतले तर तक्रार करू नकोस, खूश हो, शिकवणाऱ्याला शिकवता येतंय.

खरेदी करायची खाज सुटली असेल तर फक्त हेल्मेट घे, रायडिंगचंच, बाइकचं नाही, आणि हनुवटीखालचा पट्टा घट्ट. क्लबचं सगळ्यांचं मिळून एक असतं ते किती वेळा आपटलंय देव जाणे, जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून ठीक दिसलं तरी बाद असतं. बूट थोडी टाच असलेले कुठलेही चालतील, टाचेमुळे पाय रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या कडीतून, आरपार जात नाही, पडलीस तर अडकून फरफट होत नाही. टिटॅनसचं इंजेक्शन झालंय का बघ, ते जंतू घोड्याच्या लिदीत, तबेल्याच्या मातीत असतातच. आणि क्लब जो फॉर्म सही करायला देतो तो घरी आणून वाच, तुझ्या मेडिक्लेममध्ये साहसी खेळ वगळलेत का तेही त्याच दिवशी वाच. पडल्यावर कुठल्या हॉस्पिटलला नेता, गाडी कोण काढतं, हे विचारायला लाजू नकोस. मी लाजले होते.

मुलीचं तू एका ओळीत लिहिलंयस की तिलाही घेऊ का, तर आत्ता नको. तिला शिकायचं असेल तर तिची वेळ वेगळी. आई पडते की काय म्हणून मुलगी बघत बसली की दोघींचंही घोडं पेंड खातं.

नवऱ्याच्या ट्रेडमिलला मी उत्तर देत नाही, ती त्यालाही खरी हवी असेल असं वाटत नाही. सासूबाईंना मात्र राणी लक्ष्मीबाईचं लेक्चर देऊ नकोस, त्यांनीही ते शाळेत ऐकलंय. हवं तर एवढंच सांग की ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत बायका-पुरुष एकाच स्पर्धेत उतरतात, वेगळे गट नसतात, आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्सला ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या ठरलेल्या चालींच्या स्पर्धेचं, सांघिक सुवर्ण आपण मिळवलं, घोडेस्वारीत 41 वर्षांनी, त्या चौघांत दोन मुली होत्या, सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंग. वयाचं म्हणशील तर जपानचे हिरोशी होकेत्सू 2012 ला लंडन ऑलिंपिकमध्ये उतरले तेव्हा 71 वर्षांचे होते. तू 41 ची, तुझ्या पुढे अजून तीस वर्षं तयारीला.

तर असं कर. या शनिवार-रविवारी एक सुटा लेसन घे, 2500 देऊन, आणि डॉक्टरने हो म्हटलं असेल तर सांग की मला दुडकीपर्यंत न्या, निदान थोडी. पाऊस लागला की जुलैत एकदा, ओला रविवार बघून, तबेल्यात जाऊन ये, छत गळतंय का, खुरांना ओल लागून कुजलेला वास येतोय का, घोडे दिवसभर बांधून ठेवलेत की फिरवतात, कारण मे महिन्यात सगळेच तबेले छान असतात. जुलैत तो क्लब आवडला तर दसऱ्यानंतर दहा सुटे लेसन घे. दसऱ्यालाच जा खरं तर, तबेल्यात घोड्यांची पूजा असते, झेंडूच्या माळा घालतात, नैवेद्याचं काही त्यांच्या तोंडाला लावू नकोस मात्र, घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलं ते गेलं, शूळ उठला तर जीवावर बेततं. दहा लेसन पूर्ण झाले आणि अकराव्याची तू वाट बघतेयस असं झालं तर मेंबरशिपचं बोल, 31 डिसेंबरपर्यंतची सूट तेव्हा असणारच, यांची सूट कधी संपत नाही.

आणि एक राहिलं. पत्रात तू कॅफे लिहिलास, पूल लिहिलास, पार्किंग लिहिलंस, ग्रुपमधले डॉक्टर किती तेही लिहिलंस. ज्याच्यावर 15 मिनिटं बसलीस त्याचं नाव नाही लिहिलंस. चार पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा, अशा घोड्याला आपल्याकडे पंचकल्याणी म्हणतात, शुभ मानतात, पण ते काही त्याचं नाव नाही. शनिवारी जाशील तेव्हा साईसला विचार आणि मला कळव.